वॅट शेवटी विचारा

ॲम्प्लिफायर घ्यायला दुकानात गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा : "किती वॅटचा आहे?" देवळ्यात हेच विचारले जाते, सटाण्या-मालेगावात हेच आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही हेच. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात या प्रश्नाला एक कारणही आहे. इथे मोठ्या आवाजाशी आपली पहिली गाठ पडते ती उघड्यावर. हरिनाम सप्ताहात मंदिरावर बांधलेले कर्णे, लग्नाच्या वरातीतला डीजे, चैत्रात देवळा-कळवण मार्गे सप्तशृंग गडाकडे निघालेल्या खानदेशी पदयात्रेबरोबर चालणाऱ्या गाडीवरचे साउंड. उघड्यावर आवाज चहूकडे पांगतो, परत काही येत नाही. म्हणून तिथे वॅट ओतावे लागतात.

घरातल्या बारा बाय पंधराच्या खोलीचे गणित निराळे. ऐकणारा आठ-दहा फुटांवर बसलेला असतो, भिंती आवाज परत पाठवतात आणि हवे असते ते गाणे, गलका नव्हे. इथे जोड जमवताना प्रश्न विचारायचे ते याच क्रमाने : स्पीकर किती ओहमचा, त्याची सेन्सिटिव्हिटी किती आणि खोली केवढी. या तिन्हींची उत्तरे मिळाली की वॅटचा आकडा आपोआप निघतो, आणि तो बहुतेक वेळा वाटला होता त्याहून लहान निघतो.

ओहम : किती प्रवाह मागितला जाणार?

स्पीकरच्या मागच्या चकतीवर ४, ६ किंवा ८ ओहम असे लिहिलेले असते. हा त्याच्या कॉइलने विजेला केलेला अडथळा. आकडा लहान म्हणजे अडथळा कमी, म्हणजेच ॲम्पकडून ओढला जाणारा प्रवाह जास्त. समजा, ॲम्प २० व्होल्ट देतो आहे. ८ ओहमच्या स्पीकरमधून अडीच अँपिअर जातील आणि ५० वॅट मिळतील. ४ ओहमला तोच ॲम्प ५ अँपिअर देईल, वॅट होतील १००. २ ओहमला १० अँपिअर आणि २०० वॅट. कागदावर हे फुकटात वॅट वाढल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मर तेवढाच असतो, आउटपुट ट्रान्झिस्टर तेवढेच आणि त्यांची उष्णता बाहेर टाकणारी हीटसिंकही तेवढीच.

डाळिंबाच्या बागेला ठिबक करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मोटार एका प्लॉटच्या हिशोबाने घेतलेली असते. तिच्यावर दोन-तीन प्लॉटचे व्हॉल्व्ह एकदम उघडले की पाइपातला दाब पडतो, शेवटच्या झाडापर्यंत थेंब धड पोचत नाही आणि मोटार जास्त अँपिअर ओढून तापते. एकाच ॲम्पला स्पीकरमागून स्पीकर समांतर जोडत जाणे म्हणजे असेच व्हॉल्व्ह उघडत जाणे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ॲम्पला दिसतात ४ ओहम, चार जोडले की २. तेच दोन एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडले तर १६ ओहम होतात. ॲम्प निर्धास्त राहतो, पण वॅट निम्मे मिळतात.

बऱ्याच जपानी बनावटीच्या ॲम्पच्या मागे 'ए' आणि 'बी' अशा स्पीकरच्या दोन जागा असतात. तिथली बारीक अक्षरे वाचण्यासारखी आहेत : 'ए' किंवा 'बी' एकटा चालवायचा तर ४ ओहमपासून पुढे, दोन्ही एकदम चालवायचे तर प्रत्येक स्पीकर किमान ८ ओहमचा. ही सूचना वरच्याच हिशोबातून आलेली आहे. दोन्ही बटणे दाबून गच्चीवरचे आणि हॉलमधले ४ ओहमचे जोड एकदम वाजवले, तर ॲम्पसमोर २ ओहम येतात. चांगल्या ॲम्पचे प्रोटेक्शन पडते. साध्या असेंबल ॲम्पचे आउटपुट उडते.

आता मल्टिमीटर घेऊन ८ ओहमचा स्पीकर मोजून पाहा. सहा किंवा साडेसहाच्या आसपास आकडा येईल. स्पीकर बिघडलेला नाही. मीटर बॅटरीच्या स्थिर विजेवर तारेचा निव्वळ रोध मोजतो. गाण्याची वीज सतत उलटसुलट होत असते आणि तिच्यासाठी अडथळा स्वरागणिक बदलतो. एकाच '८ ओहम' स्पीकरचा अडथळा खर्जाजवळ एका ठिकाणी ३०-४० ओहमपर्यंत चढू शकतो, मधल्या पट्टीत सहा-सातवर उतरतो आणि वरच्या स्वरांत पुन्हा वाढतो. चकतीवरचा आकडा हा नामनिर्देशाचा. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार प्रत्यक्ष अडथळा त्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरने ६.४च्या खाली उतरू नये. सगळेच कारखाने हे पाळत नाहीत. म्हणून मीटरवर साडेतीनच्या खाली दाखवणारा स्पीकर, त्यावर काहीही छापलेले असो, ४ ओहमचा समजावा.

मंदिरातला ॲम्प घरी का चालत नाही

गावोगावच्या मंदिरात आणि ग्रामपंचायतीत आहुजाचा ॲम्प दिसतो. १९४० पासूनची ही कंपनी. सार्वजनिक ध्वनिवर्धनासाठीच्या त्या ॲम्पच्या पाठीवर एक टर्मिनल पट्टी असते : कॉमन, ४ ओहम, ८ ओहम, १६ ओहम, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट. शेवटचे दोन स्क्रू पाहून अनेकांचा गोंधळ उडतो.

कर्णा मंदिरापासून दोनशे-तीनशे फुटांवर पाण्याच्या टाकीवर लावायचा असेल, तर ८ ओहमच्या जोडणीत बरीच ताकद वायरमध्येच जिरते. त्यावर उपाय महावितरण करते तोच : दाब वाढवायचा, प्रवाह कमी ठेवायचा. ॲम्पमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर दाब १०० व्होल्टपर्यंत चढवतो आणि प्रत्येक कर्ण्यापाशी बसवलेला लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर तो उतरवतो. या पद्धतीत ओहमचा हिशोबच करावा लागत नाही. कर्ण्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या वॅटची बेरीज ॲम्पच्या वॅटपेक्षा कमी ठेवली की झाले.

सप्ताह संपल्यावर हाच ॲम्प घरी आणून १०० व्होल्टच्या स्क्रूला घरचा ८ ओहमचा स्पीकर जोडला तर? १००चा वर्ग १०,०००, भागिले ८, म्हणजे १,२५० वॅटची मागणी. ॲम्प तेवढे देऊ शकत नाही, पण देण्याच्या प्रयत्नात तो तरी बसतो किंवा स्पीकरची कॉइल तरी जळते. घरचा स्पीकर ८ ओहमच्या स्क्रूलाच लागतो. तिथेही हा ॲम्प भाषणासाठी, कीर्तनासाठी बनलेला असतो. शब्द स्पष्ट ऐकू यावा म्हणून त्यात खर्ज मुद्दाम आवरलेला असतो. तबल्याच्या डग्ग्याची घुमारी त्याच्याकडून मागू नये.

सेन्सिटिव्हिटी : एका वॅटमध्ये किती आवाज?

स्पीकरच्या माहितीपत्रकातला सर्वांत कामाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आकडा हाच. १ वॅट दिला आणि १ मीटरवरून मोजले, तर किती डेसिबल आवाज येतो, हे तो सांगतो. घरगुती स्पीकर साधारण ८४ ते ९० डेसिबलचे असतात, स्टेजवरचे पंधरा इंची ९५ ते १००चे. आकडे जवळजवळचे वाटतात, पण डेसिबलची चाल गुणाकाराची आहे. आवाज ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात, १० डेसिबल वाढवायला दहापट. आणि एवढे दहापट वॅट खर्च करून कानाला आवाज लागतो तो जेमतेम दुप्पट. म्हणजे ५० वॅटचा ॲम्प काढून १०० वॅटचा आणला, तर फरक अवघा ३ डेसिबलचा, लक्ष देऊन ऐकले तर कळेल इतकाच. त्याऐवजी ८६चा स्पीकर काढून ८९चा आणला, तर तेवढाच फरक ॲम्प न बदलता मिळतो.

मग सगळेच स्पीकर ९५ डेसिबलचे का बनवत नाहीत? कारण लहान पेटी, खोल खर्ज आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तिन्हींपैकी दोनच एकावेळी पदरात पडतात. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये आणलेला क्लिप्शहॉर्न एका वॅटमध्ये शंभरावर डेसिबल देतो, खर्जही देतो, पण त्याला खोलीचा अख्खा कोपरा लागतो. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी उलट वाट धरली. त्यांच्या ॲकॉस्टिक रिसर्च कंपनीच्या 'एआर-१' स्पीकरची पेटी हवाबंद आणि लहान होती, खर्ज खोल होता, पण त्यासाठी ॲम्प दणकट लागे. आजचे शेल्फवर मावणारे स्पीकर याच वाटेवरचे. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओला एका ईएल-८४ व्हॉल्व्हचे पाचेक वॅट पुरत, कारण त्यातला मोठ्या कागदी कोनाचा, हलका स्पीकर थोडक्यात भागवणारा होता. खर्ज मात्र त्याच्याकडे बेताचाच असे.

आता खोलीचा हिशोब करू. ८७ डेसिबलचे दोन स्पीकर, तुम्ही ३ मीटरवर. प्रत्येकी १ वॅट दिला, तर अंतरामुळे होणारी घट, दुसऱ्या स्पीकरची भर आणि भिंतींवरून परत येणारा आवाज धरून कानापाशी साधारण ८३ डेसिबल पोचतात. शेजारी बसलेल्याशी बोलायला आवाज चढवावा लागेल, इतका हा आवाज आहे. निवांत पण भरदार ऐकायला ८० पुरतात, म्हणजे सरासरी अर्धा वॅट. पण गाणे सरासरीत वाजत नाही. तबल्याची थाप, ढोलकीचा ठोका, सनईचा चढता सूर क्षणभरासाठी सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जातो. १८ डेसिबल म्हणजे सुमारे ६३ पट. अर्ध्या वॅटचे झाले ३२. तेव्हा या खोलीला ४० ते ६० खरे वॅट रग्गड झाले.

हाच हिशोब ९७ डेसिबलच्या डीजे स्पीकरने केला तर तीन-चार वॅटमध्ये काम होते. म्हणून पंधरा इंची टॉप घरात आणला की पहिल्या दिवशी 'काय दम आहे' असे वाटते. आठवड्याने कळते की शांत गाण्यात ॲम्पची सूंऽऽ ऐकू येते, आवाज कानावर आदळतो आणि सर्वांत खालचा खर्ज हरवलेला आहे. तो स्पीकर दूरवर फेकण्यासाठी घडवलेला आहे, दहा फुटांवर बसून ऐकण्यासाठी नाही.

आकड्यांची फुगवाफुगवी

वर 'खरे वॅट' म्हटले, कारण खोट्यांचा बाजार मोठा आहे. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर '१००० वॅट पीएमपीओ'चे स्टिकर असत. पीएमपीओला कोणतेही मान्य प्रमाण नाही. ज्याला जो आकडा आवडेल तो त्याने छापावा. अमेरिकेत अशीच जाहिरातबाजी बोकाळली तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला : वॅट सांगायचे तर किती ओहमवर, कोणत्या स्वरपट्ट्यात आणि किती विकृतीसह, हेही सांगावे लागेल. आपल्याकडे घेताना ग्राहकाने तीच माहिती स्वतःहून मागावी. 'आरएमएस' किंवा 'सलग' वॅट, ८ ओहमवर, दोन्ही चॅनल चालू असताना. विक्रेत्याने एवढे सांगितले तर तो आकडा धरावा.

असेंबल ॲम्पच्या बाबतीत एक सोपी परीक्षा आहे. झाकण उघडून पाहिले की अनेकदा आत 'चव्वेचाळीस-चाळीस' आयसीचा बोर्ड दिसतो. सान्योचा हा एलए-४४४० आयसी भारतातल्या असेंबल बाजाराचा कणा राहिला आहे आणि त्याची योग्यता खोटी नाही. कारखान्याच्या पत्रकानुसार तो दोन चॅनलला प्रत्येकी ६ वॅट देतो, ब्रिज केल्यावर, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एकच स्पीकर चालवल्यावर, एकत्र १९. बाहेरच्या पेटीवर '२०० वॅट' छापल्याने यात भर पडत नाही. तसेच १२ व्होल्टवर चालणारा कोणताही ॲम्प, आत दाब वाढवणारा भाग नसेल तर, ब्रिज करूनही ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे ९ वॅट आणि ४ ओहमच्याला सुमारे १८ वॅटच देऊ शकतो. त्याहून जास्त विजेच्या नियमात बसत नाही. अडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि पेटीवर ३०० वॅट दिसले, तर विश्वास अडॅप्टरवर ठेवावा.

लहान ॲम्पने ट्विटर का जळतो

'स्पीकर १०० वॅटचा, ॲम्प फक्त ३०चा, मग जळला कसा?' दुरुस्तीच्या टेबलावर हा प्रश्न नेहमीचा. ॲम्प आपल्या ताकदीबाहेर ताणला की लाटेचे शेंडे छाटले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. गोल लाट चौकोनी होत जाते आणि पूर्ण चौकोनी लाटेत त्याच ॲम्पची ताकद जवळपास दुप्पट होते. त्यात मूळ गाण्यात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि ते जातात ट्विटरकडे, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरकडे. खर्ज वाजवणाऱ्या वूफरची जाड कॉइल हे सोसते. ट्विटरची केसासारखी तार सलग काही वॅटच सहन करते. ती पहिली जाते. म्हणून स्पीकरवरच्या आकड्याइतक्या किंवा थोड्या जास्त वॅटचा ॲम्प, नॉब हाताशी धरून वापरला, तर लहान ॲम्प पिळण्यापेक्षा सुरक्षित असतो. नॉबच्या जागेवर मात्र भरवसा ठेवू नये. मोबाइलवरून जोरदार सिग्नल येत असेल, तर बाराच्या काट्यापाशीच ॲम्प पूर्ण ताकदीला पोचलेला असतो. कानाला आवाज फाटका, करकरीत लागला की हात मागे घ्यायचा.

आपल्याकडे यात एक भर आहे. संध्याकाळी मोटारी चालू असताना गावात व्होल्टेज पडते. ट्रान्सफॉर्मरवाल्या साध्या ॲम्पमध्ये आतला दाब लाइनच्या प्रमाणात उतरतो आणि वॅट त्या दाबाच्या वर्गाने उतरतात. २३०च्या जागी १८० व्होल्ट आले तर ५० वॅटचा ॲम्प ३० वॅटचा उरतो. आवाज फारसा कमी वाटत नाही, पण क्लिपिंग लवकर गाठते. अशा लाइनवर ॲम्प घेताना हिशोबापेक्षा थोडा मोठा घ्यावा किंवा स्टॅबिलायझर बसवावा. चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ॲम्प गुणगुणतो. तो दोष ॲम्पचा नाही.

वायर आणि जोडणी

स्पीकर वायरवर हजारो रुपये उडवायची गरज नाही आणि घंटीची वायर वापरण्यातही शहाणपण नाही. नियम एवढाच : जाऊन-येऊन वायरचा रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत राहावा. इलेक्ट्रिशियनच्या भाषेतली 'चाळीस-शहात्तर' तांब्याची फ्लेक्सिबल वायर, म्हणजे सुमारे १.२ चौरस मिलिमीटर, ५ मीटर अंतराला जाऊन-येऊन ०.१५ ओहम होते. ८ ओहमच्या स्पीकरला हे दोन टक्के, अगदी ठीक. 'चौदा-शहात्तर' वायर १० मीटर ओढली तर रोध ०.८५ ओहमवर जातो आणि खर्ज सैल पडतो, कारण कोनला आवर घालणारी ॲम्पची पकड मधल्या रोधाने ढिली होते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते; ती घ्यायची तर दीडपट जाड घ्यावी.

जोडताना तांबड्याला तांबडे, काळ्याला काळे. स्पीकरवरची खूण पुसली गेली असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. वूफरचा कोन बाहेर आला, तर सेलच्या धन बाजूची तार म्हणजे स्पीकरची धन तार. एक स्पीकर सुलटा आणि एक उलटा लागला तर एकाचा कोन बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि गाणारा समोर नेमका उभा न राहता खोलीभर पसरतो. 'बेस नाही' म्हणून मोठा ॲम्प आणायला निघण्याआधी ही दोन मिनिटांची तपासणी करावी.

खोली

जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या जाड भिंती आणि लाकडी छत आवाज बऱ्यापैकी पिऊन टाकत. स्लॅब, चकचकीत फरशी आणि गुळगुळीत प्लास्टर आले आणि खोल्या घुमू लागल्या. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिलेल्या सूत्राने पाहिले, तर बारा बाय पंधराच्या अशा रिकाम्या खोलीत आवाज विरायला दोन सेकंदांहून अधिक लागतात. गाणे स्पष्ट ऐकायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवे. उपाय महागडा नाही : समोर जाड सतरंजी, मागच्या भिंतीला पुस्तकांचे किंवा उघडे कपाट, खिडकीला जाड पडदा, कोपऱ्यात गाद्या-गोधड्यांची चळत. स्पीकर कोपऱ्यातून दीड-दोन फूट बाहेर घेतला की घुमणारा खर्जही आवरतो. पत्र्याच्या खोलीत मोठा वूफर लावलाच तर आधी पत्र्याचे सैल बोल्ट आवळावेत.

मग घ्यायचे कसे?

आधी स्पीकर निवडा, तोही आपल्या ओळखीचे गाणे लावून. एकूण पैशातला निम्म्याहून जास्त वाटा त्याच्यावर खर्च करा. आवाजाचा स्वभाव ठरतो तो स्पीकरने आणि खोलीने, ॲम्पने फार थोडा. मग त्याचे ओहम पाहा आणि तेवढ्या ओहमला परवानगी देणारा ॲम्प घ्या. नंतर सेन्सिटिव्हिटी आणि बसायचे अंतर धरून वॅट काढा. नेहमीच्या खोलीत ८५ ते ९० डेसिबलच्या स्पीकरला ३० ते ८० खरे वॅट पुरतात. ४ ओहमचा, कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर आवडला असेल तर मात्र ट्रान्सफॉर्मर दणकट असलेला ॲम्प घ्या आणि एकावर दुसरा जोड लावण्याचा मोह टाळा.

आणि या खोलीतला आवाज खोलीतच राहू द्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. चांगल्या जमलेल्या जोडीला ती पाळणे अवघड जात नाही, कारण तिच्यात कमी आवाजातही तानपुरा वेगळा ऐकू येतो. ज्या सिस्टिमचा नॉब पुढे सारल्याशिवाय मजा येत नाही, तिची जोड चुकलेली आहे असे खुशाल समजावे.